कोंडवाड्यातला करकोचा

कोंडवाड्यात कोणाला घालावं, याची कायद्याने चांगली ऐसपैस सोय केलेली होती. हत्ती घालता येई, उंट घालता येई, घोडा, खेचर, म्हैस, गाढव, डुक्कर, बकरी, सगळ्यांची नावं होती. आमच्या तालुक्याने हत्ती पाहिला तो सर्कशीचा, तोही जळगावच्या वाटेवर धूळ उडवत जाताना. पण उद्या एखाद्या हत्तीने कोणाच्या ज्वारीत सोंड घातलीच असती, तर दंड किती घ्यायचा हे ठरलेलं होतं. पाखराचं नाव मात्र कुठेच नव्हतं. जे जनावर कुंपणावरून येतं आणि कुंपणावरूनच जातं, त्याचं काय करायचं हे सरकारच्या डोक्यात आलं नाही. ते आमच्या आबांच्या डोक्यात आलं.

मी मूळचा देवपूरचा. मॅट्रिक झाल्यावर चुलत्याच्या ओळखीने एरंडोलकडच्या एका छोट्या गावच्या म्युनिसिपालिटीत चिकटलो. इंग्रजी येतं म्हणून मला मोठं काम देतील असं वाटलं होतं. मला कोंडवाडा दिला. चार दगडी भिंती, वर आभाळ, मधे एक लिंबाचं झाड आणि कोपऱ्यात माझी खोली. लोक एकमेकांची गुरं हाकत आणायचे, मालक शिव्या देत यायचा, दंड भरून सोडवून न्यायचा. मुदतीत कोणी आलंच नाही तर हलगी वाजवून लिलाव. माणसांची भांडणं मिटवायला कोर्टं असतात आणि ती भांडणं सुरू करायला कोंडवाडा असतो, एवढं ज्ञान मला पहिल्याच वर्षी झालं.

आबा आमच्या शेजारच्याच खेड्यातले शेतकरी. कापूस, ज्वारी आणि नदीकाठच्या काळ्या तुकड्यात हरभरा. गळ्यात तुळशीची माळ होती आणि खिशात कुठल्या ना कुठल्या दाव्याची तारीख. बांधावरून त्यांनी शेजाऱ्यावर दावा लावला होता, विहिरीवरून सख्ख्या भावावर, आणि एकदा तर आमच्या म्युनिसिपालिटीवर, का तर आमच्या हलगीने त्यांचा बैल बिथरला. हरले तरी ते दमत नसत. जळगावच्या कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांची बसायची जागा ठरलेली होती आणि नवा पट्टेवाला आला की जुने पट्टेवाले त्याला आबांची ओळख करून देत.

तर हे आबा माघ महिन्यात एका सकाळी बैलगाडी घेऊन कोंडवाड्याच्या दारात उभे राहिले. गाडीत घोंगडीचं एक गाठोडं होतं आणि गाठोड्यातून हातभर लांब लाल चोच बाहेर आली होती. आबांनी घोंगडी सोडली. आत करकोचा. पांढराशुभ्र, पंखांची कड काळी, पाय चोचीसारखेच लाल. थंडी पडली की हे करकोचे आमच्याकडे थव्याने उतरत, शेताशेतांतून सावकारासारखे सावकाश फिरत आणि होळीच्या आसपास निघून जात. त्यात कोणाला नवल वाटत नसे. पण या करकोच्याच्या एका पायात पांढऱ्या धातूचं कडं होतं.

"यान्हा पायमा कडं शे," आबा म्हणाले. "कडं शे म्हंजे मालक शे. मालक शे म्हंजे भरपाई शे. लिखी ल्या भाऊ."

मी कडं पाहिलं. त्यावर परदेशातल्या कुठल्याशा गावाचं नाव आणि एक लांबलचक आकडा कोरलेला होता. मी म्हणालो, "आबा, हे पाखरू आहे."

"मंग? मन्हा वावरमा उनं. बठ्ठा हरबरा खाई गयं."

आबांनी शेताभोवती सुतळीला रिकामे डबे बांधले होते. पाखरं बुजावीत म्हणून बांधलेल्या त्या सुतळीत करकोच्याचा पाय अडकला. आता खरी गोष्ट सांगायची तर त्या साली हरभरा खाल्ला होता अळीने. साऱ्या शिवारात घाटे पोखरलेले होते. करकोचे शेतात हिंडत होते ते त्या अळ्या वेचायला. हे आबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण अळ्यांना मालक नसतो. वर्षभराचं पीक अळ्यांनी खाल्लं आणि दावा लावायला कोणी नाही, हे आबांच्या स्वभावाला सोसणं शक्य नव्हतं. अशा वेळी ज्याच्या पायात मालकाचं नाव आहे असा एक इसम जागेवर सापडला, तर ते त्याला कसे सोडतील?

मी आबांना थांबवून धरलं आणि प्रकरण अध्यक्षांकडे नेलं. आमचे अध्यक्ष वकील होते. गावात त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत आणि कोर्टात कोणीच काही म्हणत नसे, कारण कोर्टात त्यांना बोलावणं क्वचित येई. त्यामुळे कायद्याचा एखादा नवा मुद्दा समोर आला की ते लग्नाच्या जेवणावर बसल्यासारखे बसत. त्यांनी करकोच्याभोवती एक फेरी मारली. पाखरू कायद्यात नाही हे त्यांनी मान्य केलं. पण पाखरू घालू नये असंही कायद्यात नाही, हे त्यांनी त्याहून आनंदाने मान्य केलं. मग दर कोणता लावायचा यावर विचार झाला. मान उंटाची आहे म्हणून उंटाचा दर घ्यावा, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. मी वजनाकडे लक्ष वेधलं. शेवटी बकरीच्या दराने करकोचा दाखल झाला आणि वकीलसाहेब म्हणाले, "मालकाला नोटीस काढा. हजर झाला तर दंड, नाही झाला तर लिलाव. यात अवघड काय आहे?"

अवघड इतकंच होतं, की मालक सात समुद्रांपलीकडे होता.

कोंडवाड्याला छप्पर नव्हतं, म्हणून करकोच्याच्या मोकळ्या पायाला दावं बांधून तो लिंबाच्या झाडाला बांधला. शेजारी एक रेडकू होतं. आत आलेल्या प्रत्येक जनावरापुढे कडबा टाकायचा असा नियम होता, तेव्हा करकोच्यापुढेही कडबा टाकला. त्याने कडब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रेडकाने आपला कडबा संपवून त्याचाही संपवला. दुसऱ्या दिवशी मी भिजवलेले हरभरे ठेवले, कारण तक्रारीत हरभरा होता. त्याने त्याला चोचही लावली नाही.

बेडूक, टोळ, अळ्या असलं काही दिलं असतं तर त्याने खाल्लं असतं. पण गंमत अशी, की त्याने अळी खाल्ली की तक्रार खोटी ठरत होती. वकीलसाहेबांनी मला स्पष्ट बजावलं, की पुराव्याला बाधा येईल असा चारा आरोपीला देऊ नये. ते त्याला आरोपीच म्हणत. शिवाय आमच्या म्युनिसिपालिटीत बहुतेक मंडळी माळकरी, सरकारी खर्चाने बेडूक कोण आणणार? म्हणजे कायदा आणि धर्म यांचं क्वचित कुठे एकमत होतं, ते करकोच्याला उपाशी मारण्यावर झालं.

तो खरंच वाळायला लागला. दिवसभर एका पायावर उभा राहायचा, मधूनच मान मागे टाकून चोच कडकड वाजवायचा. त्याला दुसरा आवाज नसतो. फळ्या आपटल्यासारख्या त्या आवाजाने रेडकू दावं ओढायचं. मला पाखरांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. पण कीव करायची माझी सवय मोडलेली असताना मला त्याची कीव आली, आणि ती आल्याचा राग आला. कड्याचा अर्थ लावायला कोणी तरी जाणता माणूस हवा म्हणून मी सर्व्हिस मोटारच्या ड्रायव्हरबरोबर जळगावला निरोप धाडला.

जळगावला मेहरूणच्या तलावाकाठी एक शाळामास्तर राहत. थंडीत तलावावर कोणती पाखरं येतात, किती येतात हे ते दुर्बीण लावून पाहत आणि मुंबईच्या कुठल्याशा मंडळींना कळवत. जळगावात त्यांना थोडं वेडं समजत आणि त्यांना त्याचा अभिमान होता. निरोप मिळाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते मोटारीच्या टपावर बसून आले आणि कडं पाहताच त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, एक तरी माणूस या जनावरासाठी रडला. पण ते कड्यासाठी रडत होते.

"अहो, यासाठी माणसं जन्म घालवतात," ते म्हणाले. मग त्यांनी मला, आबांना आणि रेडकाला मोठं व्याख्यान दिलं. परदेशात पिल्लू घरट्यात असतानाच त्याच्या पायात असं कडं घालतात. पुढे ते पाखरू जगात कुठेही सापडलं, तर सापडणाऱ्याने त्या गावाला कळवायचं. असं करत करत पाखरं कोणत्या वाटेने जातात, कुठे उतरतात, हे समजतं. हे करकोचे वर्षागणिक कमी होताहेत. तिकडे घरटी ओस पडताहेत, इकडे मेहरूणला थवे लहान होताहेत. ते कुठे नाहीसे होतात हे कोणालाच माहीत नाही. ते शोधायलाच तर कडं.

"म्हणजे," मी म्हणालो, "करकोचे कुठे नाहीसे होतात हे कळावं म्हणून याला कडं घातलं, आणि कडं घातलं म्हणून हा इथे नाहीसा झाला."

मास्तरांनी चष्मा पुसला. "तसं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. मात्र कसं म्हणता येईल हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यांना कडं कापून टपालाने परत पाठवायचं होतं. त्यावर आबा आडवे आले. कडं गेलं तर मालक गेला. वकीलसाहेबांनीही पुराव्याला हात लावू दिला नाही. शेवटी मास्तरांनी कड्यावरचं गाव आणि आकडा उतरवून घेतला आणि पत्र धाडायचं ठरलं. जाताजाता मात्र त्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली. होळीच्या सुमाराला दुपारची ऊन हवा वर चढायला लागली, की थवे त्या हवेवर तरंगत उत्तरेला निघतात. एकटा मागे राहिला तर उन्हाळ्यात इथे तो टिकणं कठीण. आणि पत्राचं उत्तर? बोटीने जाऊन बोटीने यायचं, म्हणजे पाऊसकाळापर्यंत काही नाही.

त्यानंतर एके दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला कडी वाजली. दारात आबा. हातात मडकं आणि मडक्याच्या तोंडाला फडकं. माझ्याकडे न बघता ते लिंबाखाली गेले, फडकं काढलं आणि मडकं पालथं केलं. हिरव्या अळ्यांचा ढीग. करकोच्याने एकेक अळी अशी टिपली, की मला आमच्या शाळेतल्या पंक्तीची आठवण झाली. आबा तुळशीची माळ मुठीत धरून दुसरीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी जन्मात मुंगीवर पाय दिला नव्हता आणि आदल्या दिवशी त्यांनी वाकून वाकून अळ्या वेचल्या होत्या.

"आबा," मी म्हणालो, "हा तर अळ्या खातो."

"माले माहीत शे."

"मग तक्रार?"

"तक्रार कागदवर शे. हाई मडकामा शे." फडकं खांद्यावर टाकत ते म्हणाले, "मन्हा वावरन्या अळ्या मन्ह्याच शेतस. मी कोनाले बी देसु. तुम्ही देखं नही."

मी पाहिलं नाही. रोज पहाटे आबा येत, मी पाहत नसे आणि करकोचा जेवत असे. दिवस वर आला की तेच आबा फेटा बांधून वकीलसाहेबांच्या ओसरीवर बसत आणि हरभऱ्याचं नुकसान किती झालं यावर तावातावाने बोलत. फिर्यादीने आरोपीला डबा पोचवावा, अशी केस जळगावच्या कोर्टाने पाहिली नसेल. मला आबांचा राग येई आणि पहाटे त्यांची वाट पाहिल्याशिवाय चैनही पडत नसे.

बाजाराच्या दिवशी अक्का आल्या. अक्का म्हणजे आबांच्या कारभारीण. त्यांनी करकोच्याकडे पाहिलं, झाडाला बांधलेल्या दाव्याकडे पाहिलं, आणि आबांना म्हणाल्या, "तुम्हले बठ्ठं समजस, तरी बी कागद सोडतस नही. सोडी द्या त्याले."

"आते मन्हा हातमा नही," आबा म्हणाले.

ते खरं होतं. तक्रार मागे घेतो असं आबा त्याच्या आदल्याच दिवशी वकीलसाहेबांना चाचरत बोलले होते. पण वकीलसाहेब आता कोणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. परदेशी मालकाच्या पाखराला कोंडवाड्यात घालणारी हिंदुस्थानातली पहिली म्युनिसिपालिटी आपली, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. दाखल झालेलं जनावर मालकाने सोडवावं, नाहीतर लिलावात निघावं, तिसरी वाट नाही. नोटीस चावडीवर लागली होती. मराठीत होती, मालकाला वाचता येईल अशी.

होळी आली. दुपारी मी खोलीच्या दारात बसलो होतो. करकोचा अचानक दोन्ही पायांवर उभा राहिला. मी वर पाहिलं. पद्मालयाच्या बाजूने थवा येत होता. पंख न हलवता गोल गोल फिरत तो वर वर चढत होता. आमच्या कोंडवाड्यावर आला तेव्हा पांढरे ठिपके तेवढे दिसत होते. हा खाली पंख पसरून धावला. दावं ताणलं, तो तोंडावर पडला, उठला, पुन्हा धावला. तो असं किती वेळ करत होता ते मला सांगवत नाही. थवा सातपुड्याकडे सरकला आणि दिसेनासा झाला, तेव्हा तो झाडाजवळ येऊन उभा राहिला. माझ्या खिशात चाकू होता. मी तो काढून दाव्याजवळ गेलोही. तेवढ्यात वकीलसाहेब दारातून आत आले आणि म्हणाले, "उद्या लिलाव. हलगीवाल्याला सांगून ठेवा."

लिलावाला गाव लोटलं. बोली मात्र कोणी करीना, करकोच्याचं करायचं काय? आबा एका कोपऱ्यात फेटा सारखा करत उभे. तेवढ्यात जळगावच्या एका जिनवाल्या शेठजींचे मुनीम पुढे झाले. शेठजी मोठे दयाळू. पांजरपोळाला देणगी, मुंग्यांना साखर. त्यांच्या बंगल्यापुढे नवं कारंजं झालं होतं आणि कारंज्याकाठी शोभेला काही तरी हवं होतं. मुनीम म्हणाले, "आमच्याकडे जन्मभर सुखात राहील. पंख छाटले की कुठे जातो?"

त्यांनी बोली केली. हलगीवाल्याने एकवार म्हटलं, दोनवार म्हटलं.

"मन्ही बोली," आबा म्हणाले.

सगळं गाव त्यांच्याकडे वळलं. वकीलसाहेबांचा चेहरा असा झाला, की मला तो दिवस आठवला तरी बरं वाटतं. फिर्यादीने आरोपी विकत घ्यावा? पण घेऊ नये असंही कायद्यात नव्हतं. मुनीम चढले, आबा चढले. मुनीमांना कारंजं सजवायचं होतं, आबांना फक्त हरायचं नव्हतं, असं गावाला वाटलं. मी पहाटेचं मडकं पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. मुनीम थकले. ज्या पाखराकडून भरपाई घ्यायची ते आबांनी पदरचे पैसे मोजून घेतलं. दंड कापून उरलेली शिल्लक मूळ मालकाच्या नावे ठेवावी लागते, तशी ती ठेवली. तो कधी आला तर घेईल.

मी गाडीत त्यांच्याबरोबर गेलो. कामाचा काही संबंध नव्हता, पण गेलो. हरभरा उपटून झाला होता, शेत रिकामं होतं. आबांनी स्वतः दावं सोडलं. करकोचा उभाच राहिला. मग दोन पावलं चालला, ढेकळात काहीतरी टिपलं, आणि सरळ बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात शिरला. त्याच शेजाऱ्याच्या, ज्याच्यावर आबांचा दावा होता.

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण आता मालक तेच होते. "तठे उतरू नको रे," ते बांधावर धावत म्हणाले, "तो भलता भांडखोर शे."

मी हसू लागलो आणि मला हसू आवरेना. बांधावर आलेल्या अक्काही पदर तोंडाला लावून हसत होत्या. एव्हाना ऊन चांगलं तापलं होतं, वारा वर चढत होता. करकोच्याने चार उड्या मारल्या, पंख पसरले आणि तो उठला. एक घिरटी, दुसरी घिरटी. कडं उन्हात एकदा चमकलं. थवा गेला होता त्याच दिशेला तो गेला, एकटाच. आबा कपाळावर हात धरून बघत राहिले. अक्का घरी गेल्या, बैलांनी शेण टाकलं, तरी ते बघत होते.

पावसाळ्यात मास्तरांकडे उत्तर आलं. ते पाखरू तिकडच्या एका खेड्यात, एका शेतकऱ्याच्या घराच्या छपरावरच्या घरट्यात जन्मलं होतं. ते कुठे व कोणत्या परिस्थितीत सापडलं, कृपा करून सविस्तर कळवावं, असं विचारलं होतं. मास्तर आणि मी त्या 'परिस्थिती'वर बराच वेळ बसलो. बकरीच्या दराने, असं लिहावं का? शेवटी आम्ही लिहिलं की हरभऱ्याच्या शेतात सापडलं, प्रकृती बरी होती, सोडून दिलं. विज्ञानाला याहून जास्त खरं सोसलं नसतं.

आबांना मी उत्तर वाचून दाखवलं. तिकडचा तो माणूसही शेतकरी आहे आणि छपरावर पाखराला जागा देतो, हे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "तो भरपाई मांगस का?"

दिवाळीनंतर थंडी पडली आणि आबा कोंडवाड्यात आले. नवी तक्रार असेल म्हणून मी सावरून बसलो.

"मन्हं पाखरू उनं नही," ते म्हणाले. "तुमना आठे कोनी कोंडेल ते नही ना?"

मी म्हणालो, येईल, अजून वेळ आहे. त्या साली थवा आला तो लहान होता, त्यात कडं नव्हतं. पुढच्या साली आबा पुन्हा आले. त्याच्या पुढच्या सालीही. मी त्यांची थोडी थट्टा करत असे, मग ती करवेना. दरम्यान त्यांनी शेताभोवतीची सुतळी सोडून टाकली होती. लोक म्हणत आबा म्हातारे झाले. दावे लावणंही त्यांनी बंद केलं होतं, आणि जळगावच्या कोर्टातले पट्टेवाले त्यांची चौकशी करत. हरभऱ्यावर अळी पडतच होती, उलट जास्तच पडत होती. करकोचे मात्र आता थव्याने नाही, दोन-चार असे येत. मग लढाई सुरू झाली, कड्यावरचं ते गाव शत्रूच्या मुलखात गेलं आणि मास्तरांची पत्रं परत येऊ लागली.

लढाईच्याच एका हिवाळ्यात आबा मला म्हणाले, "माले त्यानी वाट दखाडा." पाखरू कोणत्या वाटेने येतं-जातं ते त्यांना बघायचं होतं. मी त्यांना जळगावला मास्तरांच्या शाळेत घेऊन गेलो. रविवार होता, वर्ग रिकामा होता. मास्तरांनी मोठा नकाशा फळ्यावर टांगला आणि खानदेशावर खडूने एक ठिपका केला. आबांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग मास्तर सांगत गेले तसं ते बोट सावकाश वर सरकू लागलं.

"आठे काय शे?"

"सिंध. नदीकाठी बंदुका घेऊन बसतात लोक. शिकार."

बोट सरकलं. "आठे?"

"डोंगर. थंडी फार. तिथेही जाळी लावतात."

"आठे?"

"वाळवंट. पाणी नाही."

"आठे?"

"इथे लढाई आहे."

"आठे बी?"

"तिथेही."

बोट त्या गावापाशी पोचलं. आबांनी तिथे छप्पर आहे का असं विचारलं. मास्तर म्हणाले, आता असेल की नाही सांगता येत नाही. आबांनी हात खाली घेतला. मला वाटलं, ते आता म्हणतील की मग आपलं पाखरू मेलं. मी तयारी करून बसलो होतो, काय उत्तर द्यायचं याची. पण ते नकाशाच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघत उभे राहिले आणि मग त्यांनी मला विचारलं, "वाटमा इतला कोंडवाडा शेतस, मंग इतला साल ते उनं कसं?"

मास्तर नकाशा उतरवून गुंडाळू लागले. आबांनी बोटाला लागलेला खडू धोतराला पुसला आणि आम्ही मोटार पकडायला निघालो.